चिंबोरीचं ओटीभरण

डोंबिवलीच्या पश्चिमेला घरं विरळ होत गेली की खाडीचा वास लागतो, आणि वास लागला की समजावं, कोळीवाडा आला. त्या कोळीवाड्याच्या टोकाला, धक्क्याला लागून, सगुणाची खानावळ होती. खानावळ म्हणजे चार बाकडी, वर कौलं, मागे चूल आणि पुढे खाडी. एवढाच थाट. पण एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमाराला रविवारी दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसे. ठाणे-कल्याणहून माणसं वाट वाकडी करून येत, ती सगुणाच्या हातची चिंबोरी खायला. चिंबोरी म्हणजे खाडीतला मोठा खेकडा. पण कोळीवाड्यात कोणी तिला खेकडा म्हणालं की तो माणूस बाहेरचा, हे वेगळं सांगावं लागत नाही.

यातली निम्मी गर्दी उत्तम साटम आणायचा. उत्तम डोंबिवलीतला सहलवाला. त्याच्या बसा टिटवाळ्याला गणपतीला जात, खडवलीला नदीवर जात, आणि पावसाळा सरला की दर रविवारी खाडीची सहल निघे. सकाळी मचव्यातून फेरफटका, दुपारी सगुणाकडे जेवण. मचवा दामाजीचा. दामाजी सगुणाच्या नवऱ्याचा थोरला चुलतभाऊ, तोंडाचा फटकळ, हाताचा चलाख. खानावळीला चिंबोऱ्या पुरवायचा तोही तोच.

पाहुण्यांना हवी असे भरलेली मादी. तिच्या पोटात अंड्यांची केशरी लाख असते, आणि ती एकदा जिभेला लागली की माणूस साध्या चिंबोरीकडे ढुंकून बघत नाही. उत्तम आदल्या दिवशीच निरोप धाडायचा, "सगुणावहिनी, सगळ्या लाखेच्याच ठेवा हं, लोक त्यासाठीच येतात." आणि सगुणा ठेवायची. गिऱ्हाईक मागतं ते द्यायचं, यात काही चुकतंय असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

एका शनिवारी दामाजीनं पाटी आणून टेकवली आणि सगुणा एकेक चिंबोरी उलटी करून बघू लागली. पोटावरची झाकणी निमुळती असली तर नर, रुंद असली तर मादी. कोळ्याच्या पोरांना हे चालता येण्याआधी कळतं. पाटीत माद्याच माद्या होत्या. सगळ्या भरलेल्या आणि सगळ्या लहान. जे दोन-चार नर होते ते मुठीत मावतील एवढे. सगुणाची सासू मनुबाई शेजारी कोळंबी सोलत बसली होती. तिनं पाटीत डोकावून पाहिलं.

"माज्या लगनात चिंबोरी व्हती ती ताटाच्या भायेर जायाची," म्हातारी म्हणाली. "ह्या तं पोरी हायेत गो. पोटुश्या पोरी."

सगुणाची खानावळ चिंबोरीवर उभी होती, आणि ती स्वतःच्या हातानं दर रविवारी पुढच्या सालच्या चिंबोऱ्या रश्श्यात ढकलत होती. खाडीतली चिंबोरी संपली की खानावळ संपली. मग परत डोक्यावर पाटी, परत बिल्डिंगींचे जिने, परत "काय गं, ताजं आहे ना?" लग्न झाल्यापासून खानावळ निघेपर्यंत तिनं तेच केलं होतं. मान अजून दुखायची तिची. त्या जिन्यांवर परत चढायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं.

"दादा," ती म्हणाली, "आजपासून भरलेली मी नाय घेनार. आन तळहाताच्या आतली बी नाय."

दामाजी खो खो हसला. "मंग घेनार काय? खाडीचं पानी?"

"पानी तू पी. मी मोठा नर घेईन."

"तू नको घेव. पल्याडचा परमिट रूमवाला दारात उभा ऱ्हाऊन घेल."

आणि त्यानं घेतल्याही. खाडीच्या पल्याड नवं परमिट रूम निघालं होतं, रंगीत दिवे, कागदी फुलं, टेबलांवर काचा. दामाजीची पाटी तिथे जाऊ लागली. सगुणानं मात्र कोळशानं फळीवर लिहवून घेतलं, 'इथे भरलेली चिंबोरी मिळणार नाही', आणि ती फळी दाराशी टांगली. मिळणार नाही असं लिहून गिऱ्हाईक बोलावणारी खानावळ साऱ्या ठाणे जिल्ह्यात ती एकच असावी. लोक फळी वाचत, हसत आणि धक्क्यावर पल्याड जाणारी होडी शोधत.

सगुणाही हट्टाची. तिनं दुसरा डाव टाकला. नाहीतरी भरलेल्या माद्या पल्याड जातायत, तर आपणच विकत घ्याव्यात आणि खाडीत सोडून द्याव्यात! दामाजीला काय, विकल्याशी मतलब. सगुणा सकाळी पाटी घ्यायची आणि संध्याकाळी भरतीच्या पाण्यात ओतायची. तिला वाटलं, जमलं. मनातल्या मनात तिनं स्वतःची पाठही थोपटली.

मग एक दिवस पाटीत एक मादी आली, डावी नांगी तुटलेली, पाठीवर पांढरा डाग. सगुणानं घेतली, सोडली. चार दिवसांनी डावी नांगी तुटलेली, पाठीवर पांढरा डाग असलेली मादी परत आली. तिनं ती परत घेतली, परत सोडली. आणि तिसऱ्यांदा तीच चिंबोरी पाटीतून तिच्याकडे टुकूटुकू बघायला लागली, तेव्हा कुठे बाईच्या डोक्यात प्रकाश पडला. ती संध्याकाळी सोडत होती आणि दामाजीचे पिंजरे तिथेच, धक्क्याच्या खाली, रात्रभर तोंड उघडून बसत होते!

सगळा कोळीवाडा पोट धरधरून हसला. जाळी विणणारे म्हातारे हसले, नळावरच्या बाया हसल्या. दामाजी तर जो भेटेल त्याला सांगायचा, "माजी एक चिंबोरी हाय, ती रोज कामाला जाते आन पगार आनते." सगुणाचा नवरा परशुराम गरीब स्वभावाचा, पण त्यालाही लोकांचं हसणं लागलं.

"आपन खानावल काढली कं धर्मशाला?" तो म्हणाला. त्याच आठवड्यात त्यानं एमआयडीसीत रोजंदारी धरली.

उत्तमही येऊन गेला, मान खाली घालून. "वहिनी, माझा नाइलाज आहे. लोकांना लाखेचीच हवी असते. या सीझनला जेवण पलीकडे ठेवतो. तुमच्या हातची चव तिथे नाही, मला माहितेय, पण..." सगुणानं त्याला पुढे बोलू दिलं नाही. तिनं त्याला चहा दिला. तो गेल्यावर मात्र चुलीपुढे बसून ती खूप रडली. धुरानं डोळे चुरचुरतायत असं सासूला सांगायचीही तिनं तसदी घेतली नाही.

त्याच दिवसांत दामाजीची लेक हेमा पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. हेमाचं सासर पल्याडच्या काठावर. तिची सासू गोदूबाई त्याच परमिट रूममध्ये स्वयंपाकाला होती. हेमाच्या ओटीभरणाला सगळा कोळीवाडा लोटला. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, वेणीत अबोलीचा गजरा. आणि दामाजी? एरवी कुत्र्याला लाथ मारून जाणारा हा माणूस लेकीच्या पुढे पुढे करत होता. हेमा उंबऱ्यापाशी आली की हात धर, बसली की पाठीला उशी दे. अंगणात पसरलेल्या जाळ्याची दोरी तिनं ओलांडू नये म्हणून त्यानं सगळं जाळं गुंडाळून बाजूला केलं. एक मांजर व्यायला झालेलं, तेही घरात घुसलं तर त्यानं हाकललं नाही.

"आसूं दे," तो म्हणाला. "घरान पोटुशी हाय. आशा वक्ताला कुनावर हात उचलू नाय."

सगुणा भाताचं पातेलं उतरवत होती. तिचे हात तिथेच थबकले. तिनं सासूकडे पाहिलं. मनुबाईही तिच्याकडेच बघत होती. त्या संध्याकाळी मनुबाईनं पेटीतून जाळं विणायचा हिरवा सुती दोरा काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दामाजी पिंजरे उचलून धक्क्याला लागला, तर धक्क्यावर बायाच बाया. मधोमध पाट, पाटाभोवती रांगोळी, शेजारी ताट: हळद, कुंकू, तांदूळ, खोबऱ्याची वाटी. पाटापुढे मनुबाई नवं लुगडं नेसून बसलेली. हेमालाही आणून बसवलेलं.

"आज काय हाय गो?" दामाजीनं विचारलं.

"ओटीभरन," सगुणा म्हणाली. "पाटी दे."

तिनं पाटी पुढ्यात ओढली आणि वरचीच उचलली. योग बघा, ती नेमकी तुटक्या डाव्या नांगीची निघाली. सगुणानं तिला पाटावर ठेवलं. मनुबाईनं तिच्या मागच्या दोन्ही पायांना हिरवा दोरा बांधला, चुडा भरावा तसा, सैल आणि जपून. पाठीवर हळद लावली, कुंकू लावलं, पुढ्यात तांदूळ आणि खोबरं ठेवलं. बायांनी आदल्या दिवशी हेमापुढे म्हटलेलीच गाणी म्हटली. सुरुवातीला त्यांना हसू आवरत नव्हतं. दुसऱ्या गाण्याला हसणं थांबलं. चिंबोरी उरलेली नांगी वर करून गप्प बसली होती, आणि हळदीकुंकवात ती खरंच कोणाची तरी लेक दिसत होती.

दामाजी दात काढत उभा होता. "झालं तुमचं? आना आता, पल्याड दुपारची पंगत हाय."

सगुणानं चिंबोरी दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या पुढे धरली.

"हेमाच्या नावानं हिची ओटी भरलीय, दादा. हेमासारकी ही पन आता तुजी म्हायेरवाशीन. घे. खाडीन सोडायची तं सोड, परमिट रूमला इकायची तं इक. मी नाय आडवनार."

दामाजीनं चिंबोरी घेतली. तिच्या पायातल्या हिरव्या दोऱ्याकडे पाहिलं, मग लेकीच्या हातातल्या हिरव्या चुड्याकडे. हेमा बापाकडे बघत राहिली, आणि तिचा हात पोटावर होता. दामाजीचं हसू कुठल्या कुठे गेलं. तो खाली वाकला, पाण्यात गुडघाभर उतरला आणि चिंबोरी अलगद सोडून वर आला. मग पाटीतल्या बाकीच्या माद्या त्यानं मुकाट्यानं मनुबाईपुढे ठेवल्या. "यांचीबी भरा," एवढंच म्हणाला.

पुढचं मग सगुणाला सांगावं लागलं नाही. नियम सांगितला असता तर कोळीवाड्यानं तो धाब्यावर बसवला असता. सरकारचे सगळे नियम तिथेच बसवले होते. पण ओटी भरलेलीला कोण हात लावणार? कोणाच्याही जाळ्यात भरलेली मादी आली की ती बायांकडे यायची, हिरवा दोरा बांधून घ्यायची आणि ओहोटीबरोबर खाली समुद्राकडे निघून जायची. हेमाला मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या, आणि मग तर विचारायलाच नको. गोदूबाईनं ही रीत पल्याडच्या काठावर नेली. खाडीच्या दोन्ही अंगाला लेकीसुना एकमेकींच्या घरच्या. रीत पसरायला मचवा लागला नाही.

तो हिवाळा सगुणाला फार जड गेला. ती बोय मासा आणि कोळंबी शिजवायची, नर मिळेल तेवढा घ्यायची, आणि बरेचदा बाकडी पुसून तशीच उठायची. पुढच्या सालीही उत्तमच्या बसा तिच्या दारावरून धक्क्यावर जायच्या आणि माणसं मचव्यातून पल्याड जेवायला जायची. पण पावसाळा संपला तशी जाळी बोलू लागली. आधी तळहाताएवढे नर. मग पंजाएवढे. पुढच्या, म्हणजे एक्क्याण्णवच्या दिवाळीत परशुरामनं एक नर आणून ताटात ठेवला, तर त्याच्या नांग्या दोन्हीकडून ताटाबाहेर आल्या. मनुबाईनं डोळ्यांना पदर लावला. "माज्या लगनातला आयला गो," ती म्हणाली. परशुरामनं एमआयडीसीतलं काम सोडलं.

दिवाळीनंतरच्या रविवारी उत्तमची मोठी सहल होती. एका बँकेची माणसं, बायकापोरांसह दोन बसा भरून. ही मंडळी खूश झाली तर वर्षभराच्या सहली उत्तमला मिळणार, आणि जिथे जेवण आवडेल त्या खानावळीशी तो सालाचा करार करणार, हे साऱ्या खाडीला ठाऊक होतं. जेवण अर्थात पल्याड होतं. सगुणा सकाळपासून धक्क्याकडे पाठ करून मसाला वाटत होती.

दुपार व्हायच्या आत मचव्याच्या इंजिनाचा आवाज आला. इतक्या लवकर? सगुणानं वळून पाहिलं. दामाजीचा मचवा काठोकाठ भरून येत होता, मागे आणखी दोन होड्या. आणि मचव्याच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, मांडीवर पाटी घेऊन, राणीसारखी गोदूबाई बसली होती. तिच्या मागे परमिट रूमच्या मोरीवरच्या, भाकरीवरच्या सगळ्या बाया.

गोदूबाई धक्क्यावर उतरली ती बोलतच. "खाडीन कोनी भरलेली देत नाय, म्हनून शेठनं खाली समुद्राकडच्या दलालाकडनं पाटी मागवली. मी झाकन उगडलं. सगल्यांच्या पायान हिरवा दोरा! मी म्हनलं, शेठ, ह्या आमच्या म्हायेरवाशिनी हायेत, ह्या मी नाय शिजवनार. शेठ म्हनतो, दोरा तोड आन टाक रश्श्यान. मंग मी पळी ठेवली. हिनं परात ठेवली. पाटी घेतली आन निंगालो."

"आणि माझी ऐंशी माणसं उपाशी!" मागून उत्तम आला, घामाघूम, टाय सैल झालेला. "सगुणावहिनी, मी कुठल्या तोंडानं मागू? पण काही होईल का?"

सगुणाच्या मनात बरंच काही आलं. दोन हिवाळे आले, रिकामी बाकडी आली, परशुरामची रोजंदारी आली. मग तिनं मचव्यातली भुकेली पोरं पाहिली आणि पदर खोचला.

"बसवा," ती म्हणाली. "वाईच वेल लागंल."

धक्क्याखाली ओल्या गोणपाटांत कोळीवाड्याचे नर जिवंत ठेवलेले होते, ते घराघरांतून निघाले. अंगणात तीन चुली पेटल्या. गोदूबाईनं न विचारता मसाल्याचा पाटा ताब्यात घेतला, बाया भाकऱ्यांना बसल्या, परशुराम नांग्या फोडू लागला. बाकडी पुरेनात तेव्हा पाहुणे जाळ्यांवर मांडी घालून बसले. पानात चिंबोरी पडली आणि बँकेची माणसं बोलायची थांबली. सगळीकडे फक्त नांग्या फुटल्याचा आवाज. बँकेचे मोठे साहेब बोटं चाटून झाल्यावर म्हणाले, "इतकी भरलेली नांगी मी जन्मात खाल्ली नाही. पण लाखेची एखादी, आहे ना त्या पाटीत?"

उत्तमनं चपापून सगुणाकडे पाहिलं. सगुणा हसली. "हाय ना. चला, दाखवते."

तिनं पाटी पाटापुढे मांडली. हळदीकुंकवाचं ताट आणलं. पाटीतल्या चिंबोऱ्यांना दोरे होतेच. पण पाहुण्या आल्यात तर पुन्हा ओटी भरायला काय हरकत? साहेबांच्या बायकोच्या हातात तिनं कुंकू दिलं आणि काय करायचं ते सांगितलं. त्या बाई आधी लाजल्या. मग त्यांनी एक चिंबोरी अशी नटवली की बाकीच्या बायकांनी रांग लावली. पोरं नाचू लागली. मनुबाईनं गाणं धरलं आणि डोंबिवलीच्या बायकांनी ते उचललं. साहेब कोपऱ्यात उभे राहून बघत होते. लाखेचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

"वहिनी," उत्तम हळूच म्हणाला, "पुढच्या रविवारपासून जेवण इथेच. वर्षभर. आणि हे ओटीभरणसुद्धा सहलीत घालतो. लोक वेडे होतील!"

"घाला," सगुणा म्हणाली. "पन माजी एक अट हाय. तुमची बस जिथं जेवाया थांबते, टिटवाला आसू दे, खडवली आसू दे, तिथं कुटंच भरलेली चिंबोरी आन आंड्याची, गाभोलीची मासली घ्यायची नाय. तुमी घेनार नाय, तं कोनी धरनार नाय. कबूल?"

"कबूल," उत्तम म्हणाला, आणि दाराशी टांगलेल्या फळीवरची धूळ त्यानं स्वतः रुमालानं झटकली, अक्षरं न पुसता.

पाटीत शेवटची एक उरली होती. सगुणानं ती उचलली आणि उजेडात धरली. पाठीवर पांढरा डाग. डावी नांगी नव्यानं फुटलेली, उजवीपेक्षा अजून लहान. दामाजी नातीला कडेवर घेऊन हेमासोबत शेजारी उभा होता. त्यानंही ओळखली.

"दादा," सगुणा म्हणाली, "तुजी कामाला जानारी आयली. पाचव्यांदा. काय घेशील हिचं?"

सगळा कोळीवाडा हसला, त्या सालासारखाच पोट धरून. पण या वेळी सगुणा सगळ्यांत मोठ्यानं हसत होती. दामाजीनं नातीला तिच्याकडे दिलं, चिंबोरी हातात घेतली आणि पाण्यात उतरला.

"गप ऱ्हा गो," तो म्हणाला. "लेक कोन इकतं?"

त्यानं हात पाण्याखाली नेले आणि उघडले. हिरवा दोरा क्षणभर दिसला, मग दिसेनासा झाला. सगुणानं नात हेमाकडे दिली आणि ती लगबगीनं चुलीकडे गेली, कारण दुसरी पंगत बसायची होती.